पर्यावरणपूरक लग्न: सजावटीआधी पाहुण्यांची यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्न चार महिन्यांवर आलंय, पाहुणे साधारण ३००, त्यातले ४० जण लांबून विमानाने येणार. बियांच्या कागदाच्या पत्रिका आणि विघटनशील प्लेट तुम्ही दोघांनी ठरवून टाकल्या आहेत. जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टचा विचार चालू आहे. दोन्हीकडच्या मोठ्यांना मात्र धास्ती आहे की हे सगळं कंजूषपणासारखं दिसेल. आता पुढे काय, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली १५ वर्षं लग्नांचं नियोजन करते. पर्यावरणाचा विचार करणारी जोडपी आता खूप येतात आणि जवळजवळ सगळ्यांची सुरुवात तुमच्यासारखीच होते: पत्रिका, प्लेट, फुलं. हे आधी कळस मग पाया असं होतं. लग्नाचा पर्यावरणावरचा भार ठरतो तो किती माणसं येणार, कुठून आणि कशाने येणार, आणि त्यांच्यासाठी किती व काय शिजणार यावरून. हे निर्णय पहिल्या एकदोन आठवड्यांतच होऊन जातात, बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही न येता. नंतर पत्रिका कितीही चांगल्या कागदावर छापल्या तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

तुमचेच आकडे घेऊन हिशेब करून बघू. ब्रिटिश सरकार दरवर्षी जे उत्सर्जनाचे गुणक प्रसिद्ध करतं त्यांनुसार विमानाने एका माणसाचा एक किलोमीटर प्रवास म्हणजे अंतरानुसार साधारण १५० ते २५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढा भार. एकट्याने चालवलेली पेट्रोल गाडी १७० ग्रॅमच्या आसपास, रेल्वे ३५ ग्रॅम, भरलेली लांब पल्ल्याची बस ३० ग्रॅमच्या आत. तुमचे ४० पाहुणे १,२०० किलोमीटरवरून येतात असं धरा. जाऊन-येऊन प्रत्येकी २,४०० किलोमीटर झाले, म्हणजे सगळ्यांचे मिळून ९६,००० आणि उत्सर्जन सुमारे १४ ते २४ टन. उरलेले २६० जण जवळपासचे आहेत. ते दोघं-दोघं एका गाडीतून आले आणि प्रत्येक गाडी २० किलोमीटर फिरली, तर सगळ्या गाड्यांचं मिळून अर्धा टनही होत नाही. समारंभात जनरेटरने १०० लिटर डिझेल जाळलं तर त्याचे, लिटरला २.७ किलो या हिशेबाने, २७० किलो. ४० जणांचा विमानप्रवास असा बाकी सगळ्यावर भारी पडतो. हेच ४० जण रेल्वेने आले तर आकडा साडेतीन टनांच्या आत येतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: यादीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखा. एकात गाव, दुसऱ्यात येण्याचं साधन. तासाभराचं काम आहे, पण त्यातून ठिकाण कुठे असावं हे आपोआप दिसतं. जिथे जास्तीत जास्त माणसं आधीपासून राहतात तिथेच लग्न करा. सगळ्यांनाच प्रवास करून जावं लागेल असं तिसरंच निसर्गरम्य गाव निवडलंत, तर पुढची सगळी काटकसर त्या एका निर्णयात वाहून जाते.

लोक विमानाने का येतात याचं कारण बऱ्याचदा अगदी साधं असतं. तारीख उशिरा कळते, तोवर रेल्वेची तिकिटं संपलेली असतात आणि रजाही जेमतेम एका दिवसाची मिळते. चार महिने हातात आहेत, तर पत्रिकेची वाट न बघता तारीख आणि ठिकाण आजच कळवा. सोबत सोयीच्या गाड्यांची नावं द्या आणि स्टेशनवरून बस ठेवणार असल्याचंही सांगा. मी हे करायला लागल्यापासून रेल्वेने येणारे स्पष्ट वाढलेले दिसतात, कारण लोकांची तयारी असते, अडतं ते फक्त नियोजनावर. जे येऊ शकत नाहीत किंवा ज्यांनी केवळ रीत म्हणून एवढा लांबचा प्रवास करू नये असं तुम्हाला वाटतं, त्यांच्याकडे लग्नानंतर तुम्ही दोघं जाऊन या. दोन माणसांचा प्रवास वीस माणसांच्या प्रवासापेक्षा कधीही हलका, आणि वयस्कर नातेवाइकांना गर्दीतल्या दोन मिनिटांपेक्षा घरी निवांत घालवलेली संध्याकाळ जास्त आवडते.

यादी लहान करणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे आणि सगळ्यात अवघडही. मी कुणाला आकडा सांगत नाही. फक्त एक प्रश्न विचारायला सांगते: या माणसाशी गेल्या दोन वर्षांत आपल्यापैकी कुणाचं बोलणं झालंय का? मोठ्यांसोबत बसून शांतपणे एवढा एकच प्रश्न लावला तरी यादी हलते.

आता रिसॉर्टबद्दल. हे तुम्हाला आवडणार नाही, पण मी स्पष्टच सांगते: जंगलाजवळचं ठिकाण सोडा. निसर्गाच्या कुशीत झालेलं लग्न फोटोत हिरवं दिसतं. प्रत्यक्षात तिथे सगळं बाहेरून न्यावं लागतं: मांडव, खुर्च्या, पाणी, जनरेटर, शौचालयं, आणि ३०० माणसं. परतताना कचरा उचलायला तिथे धड व्यवस्था नसते. रात्रीचे दिवे आणि मोठा आवाज यांची सवय नसलेले पक्षी-प्राणी तिथे राहतात. प्रकाशाचा परिणाम किती होतो हे न्यूयॉर्कमध्ये नीट मोजलं गेलंय. ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी आकाशात दोन प्रखर झोत सोडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सात वर्षांतल्या अशा अवघ्या सात रात्रींत सुमारे ११ लाख स्थलांतरित पक्षी त्या प्रकाशाने भरकटले होते. झोत विझवले की पक्षी काही मिनिटांतच पांगून आपल्या वाटेला लागत. लग्नातले आकाशात फिरणारे झोत तेवढे प्रखर नसतात हे मान्य, पण जंगलाच्या काठावर त्यांची काहीच गरज नाही.

त्यापेक्षा गावातलं किंवा शहरातलं सभागृह घ्या. कायमची वीज, नळाचं पाणी, स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, पक्की शौचालयं आणि चालत जाता येईल अशी राहण्याची सोय, एवढं तिथे असेल तर अर्धं काम झालं. हवा खेळती असेल आणि दिवसाचा उजेड आत येत असेल तर उत्तमच. विधी आणि जेवण एकाच ठिकाणी ठेवा. समारंभाच्या मधे सगळ्यांनी गाड्यांत बसून दुसरीकडे जायचं, हा प्रकार शक्यतो टाळा. ठिकाण बघायला जाल तेव्हा व्यवस्थापकाला दोन गोष्टी जरूर विचारा: मंजूर वीजभार किती किलोवॉटचा आहे, आणि कचरा कोण उचलतं व कुठे नेतं. दुसऱ्या प्रश्नावर गोलमोल उत्तर आलं तर कचरा मागच्या मोकळ्या जागेत जळतो असं समजा. मी तो जळताना पाहिलेला आहे.

जेवणाबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण प्रवासानंतर सगळ्यात जास्त भार इथे आहे आणि इथलं बहुतेक सगळं तुमच्या हातात आहे.

आधी काय शिजवायचं ते बघू. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा भार मोजला. १०० ग्रॅम प्रथिनांमागे सरासरी उत्सर्जन असं निघालं: मांसासाठी पाळलेल्या गोवंशाचं मांस ५० किलो, शेळी-मेंढीचं २० च्या आसपास, चीज ११, कोंबडी सहाच्या जरा आत, अंडी चारच्या जरा वर आणि कडधान्यं एक किलोच्याही आत. या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. शाकाहारी जेवण म्हणजे आपोआप हलकं जेवण असं नाही. चीज, लोणी आणि मलई यांनी भरलेला शाकाहारी बेत कोंबडीच्या साध्या बेतापेक्षा जड पडू शकतो. कडधान्यं, धान्यं, हंगामातल्या भाज्या आणि फळं यांच्यावर बेत उभा करा आणि दुधाचे पदार्थ एकदोनच, पण चांगले ठेवा. मांसाहार ठेवायचाच असेल तर कमी भाराचा एक पदार्थ ठेवा आणि तो मागितल्यावर वाढा.

आता किती शिजवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं २८ टक्के उपाहारगृहं आणि केटरिंग यांसारख्या सेवांमधलं. हे अन्न कचराभूमीत हवेशिवाय कुजतं तेव्हा मिथेन तयार होतो आणि २० वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो.

लग्नात अन्न उरतं याचा दोष लोक पाहुण्यांना देतात. माझा अनुभव वेगळा आहे. ताटात टाकलेल्यापेक्षा मोठा ढीग बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, न वाढलेल्या अन्नाचा असतो. कारण असं की केटररला कमी पडण्याची भीती असते. तुम्ही ३०० सांगता, तो मनात ३५० धरतो, त्याचा आचारी त्यात आणखी भर घालतो. त्यात २५ पदार्थ असतील तर कोणता पदार्थ जास्त खपेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक पदार्थ थोडा जास्तीचा होतो. पाहुणेही प्रत्येकातलं चमचाभर घेतात, त्यातलं जे आवडत नाही ते टाकतात. पदार्थ १० वर आणलेत तर अंदाज नेमका येतो आणि प्रत्येक पदार्थाकडे आचाऱ्याचं लक्ष राहतं. चवीतला फरक पाहुण्यांना पहिल्या घासाला कळतो.

मी केटररशी करार करताना तीन गोष्टी लिहून घेते. एक, पक्की संख्या लग्नाच्या तीन दिवस आधी मी देणार आणि पैसे त्या संख्येवर अधिक पाच टक्क्यांवर ठरतील. कमी पडलं तर जबाबदारी माझी, केटररची नाही. हे लिहून दिल्याशिवाय त्याची भीती जात नाही आणि भीती गेल्याशिवाय तो कमी शिजवत नाही. दोन, एकूण स्वयंपाकाचा शेवटचा तिसरा हिस्सा चिरून, मोजून तयार ठेवायचा पण चुलीवर चढवायचा नाही. तीन, दारावर एक माणूस हातात मोजणीयंत्र घेऊन उभा राहील आणि दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात आकडा कळवेल, त्यावरून शेवटचा हिस्सा किती चढवायचा ते ठरेल. न शिजवलेला माल दुसऱ्या दिवशीही कामाला येतो. शिजवलेल्याचं तसं नसतं.

पक्की संख्या मिळवायची म्हणजे फोन करावे लागतात. नुसत्या संदेशावर विसंबू नका. दहा दिवस आधी एकदा आणि चार दिवस आधी पुन्हा, घरातल्या गोड बोलणाऱ्या दोघातिघांनी यादी वाटून घ्यावी. कंटाळवाणं काम आहे, पण अन्न वाचवणारा याच्याइतका स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही.

वाढण्याच्या बाबतीत नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी, कालबेकेन आणि सेलेन यांनी, २०१३ मध्ये हॉटेलांमधला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. बुफेची ताटं थोडी लहान केल्यावर वाया जाणारं अन्न जवळजवळ २० टक्क्यांनी घटलं. नुसती पाटी लावली की ‘हवं तितक्या वेळा पुन्हा घ्यायला या’, तरीही तेवढीच घट झाली. पाहुण्यांचं समाधान कमी झालं नाही. मला ही पाटी फार आवडते. ‘अन्न वाया घालवू नका’ असं लिहिलेलं वाचून जेवायला आलेल्या माणसाला अपराधी वाटतं. ‘पुन्हा या’ हे आतिथ्य आहे, परिणाम तोच. तुमच्या घरच्यांना हा प्रयोग जरूर सांगा.

एवढं करूनही थोडं उरेल. ते कुणाला द्यायचं असेल तर त्या संस्थेशी बोलणं आधी झालेलं हवं. गाडी किती वाजता येणार, भांडी कुणाची, हे ठरलेलं असावं. द्यायचं ते फक्त न वाढलेलं अन्न. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. रात्री एक वाजता कुणालातरी फोन करून ‘घेऊन जा’ म्हणणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालणं झालं, आणि त्यातून माणसं आजारी पडू शकतात.

आता तुमच्या विघटनशील प्लेट. या शब्दाने फार घोटाळा केला आहे. पीएलए नावाचं वनस्पतीपासून बनवलेलं प्लॅस्टिक घ्या. त्यावर ‘कंपोस्ट होतं’ असं छापलेलं असतं ते बहुधा युरोपच्या ईएन १३४३२ या प्रमाणाच्या आधारे, आणि ते प्रमाण औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे, जिथे तापमान साधारण ५८ अंश राखलं जातं. घरच्या ढिगात किंवा कचराभूमीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. लगद्याच्या प्लेटची दुसरी अडचण आहे. तेल-पाणी झिरपू नये म्हणून काही उत्पादक त्यात पीफास गटातली रसायनं घालत आले आहेत. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत, म्हणून डेन्मार्कने २०२० मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांचा वापर बंद केला. तुमच्या भागात औद्योगिक कंपोस्टिंगची सोय नसेल तर या प्लेटचा आणि साध्या कचऱ्याचा शेवट एकच.

उत्तर जुनंच आहे: भाड्याने आणलेली, धुऊन पुन्हा वापरता येणारी स्टीलची किंवा चिनी मातीची ताटं, काचेचे पेले, कापडी रुमाल. त्यासाठी भांडी घासणारी माणसं जास्त लागतात, त्यांना नीट मोबदला द्या आणि त्यांच्या जेवणाची संख्या पक्क्या आकड्यात धरा. खरकटं आधी खरवडून घ्यायचं, मग टाकीतल्या गरम पाण्यात भिजवायचं, मग धुवायचं. वाहत्या नळाखाली एकेक ताट धुतलं तर पाणी वाहून जातं आणि मग ‘धुण्यापेक्षा फेकायची प्लेट बरी’ हा युक्तिवाद सुरू होतो. पिण्याच्या पाण्यासाठी छोट्या बाटल्या बंद. मोठे पिंप, नळ, पेले आणि पिंपं भरलेली ठेवायला एक माणूस, बस्स.

फुलांबद्दल बहुतेक जण स्थानिक फुलं घ्या एवढंच सांगतात. ते बरोबर आहे, पण अपुरं. ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात १२,००० गुलाबांचा हिशेब मांडला होता. केनियात उघड्या उन्हात वाढवून विमानाने ब्रिटनला पाठवलेल्या गुलाबांचा कार्बन डायऑक्साइडचा भार ६,००० किलो आला आणि शेजारच्या हॉलंडमधल्या, तापवलेल्या हरितगृहातल्या गुलाबांचा ३५,००० किलो. म्हणून अंतराइतकाच हंगाम महत्त्वाचा. तुमच्या लग्नाच्या महिन्यात उघड्या शेतात आपसूक जे फुलतं ते जवळून घ्या. रंगाची निवड त्यानंतर करा. आधी रंग ठरवून मग फूल शोधायला निघालात की ते दुसऱ्या खंडातच सापडतं.

आणि फुलांपेक्षा फुलांखालच्या वस्तूवर लक्ष ठेवा. फुलं खोचायला जो हिरवा स्पंज वापरतात तो फ्लोरल फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लॅस्टिक आहे. १९५४ पासून तो बाजारात आहे. हाताने चुरला की त्याचे बारीक कण पाण्याबरोबर गटारात जातात. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले लहान जीव हे कण खातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. सजावटवाल्याला स्पष्ट सांगा, फोम नको. चुरगाळलेली लोखंडी जाळी, पाण्याचं भांडं, खिळ्यांची बैठक यांवर तीच रचना उभी राहते आणि फुलं जास्त टिकतात, कारण देठ खऱ्या पाण्यात असतात. सुरुवातीला सजावटवाले कुरकुर करतात. एकदा करून बघितलं की जाळी पुढच्या कामालाही वापरता येते हे त्यांच्या ध्यानात येतं.

बाकी सजावटीसाठी मी एकच कसोटी लावते: वस्तूवर तुमची नावं किंवा तारीख आहे का? असेल तर ती दुसऱ्या दिवशी कचरा आहे, मग ती बांबूची असो की कापडाची. पीव्हीसीचा फलक, थर्माकोलची अक्षरं, छापलेले रुमाल, नावांचे पेले, सगळं यात आलं. प्रवेशाशी खडूने लिहिलेला एक लाकडी फळा ठेवा. बाकी कापड, दिवे, कुंड्या, आसनं भाड्याची. आणि सजावटवाल्याच्या करारात एक ओळ घाला की आणलेली प्रत्येक वस्तू तोच परत नेईल. ही ओळ घातली की तो फेकायच्या वस्तू आणतच नाही.

हवेत सोडायचे फुगे, कागदी आकाशकंदील, चमकी, कागदाचे चकाकते तुकडे आणि फटाके यांना सरळ नाही म्हणा. ऑस्ट्रेलियात समुद्रपक्ष्यांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात कडक प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या तुलनेत फुगा गिळल्यावर पक्षी मरण्याची शक्यता ३२ पट निघाली. सुट्ट्या प्लॅस्टिकच्या चमकीवर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली आहे. या गोष्टींचा आनंद काही सेकंदांचा असतो, त्या नसल्याची तक्रार पाहुण्यांकडून मी कधी ऐकलेली नाही.

विजेचं गणित सोपं आहे. ५०० वॉटचे ४० हॅलोजन म्हणजे २० किलोवॉट. त्याच उजेडाचे एलईडी चार किलोवॉटच्या आत बसतात, शिवाय हॅलोजनची उष्णता नसल्याने हवा थंड करायलाही कमी वीज लागते. भार उतरला की सभागृहाची नेहमीची वीज पुरते आणि जनरेटर फक्त आणीबाणीसाठी उभा राहतो. जनरेटर भाराच्या मानाने फार मोठा आणू नका. तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भारावर तासन्‌तास चाललेलं डिझेल इंजिन तेल अर्धवट जाळतं, काजळी सोडतं आणि युनिटमागे जास्त तेल पितं. समारंभ दिवसा ठेवलात तर यातलं बरंच आपोआप सुटतं.

कपड्यांत धाग्यापेक्षा वापर मोजा. जगात तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे. चकचकीत टिकल्या आणि जाळी बहुधा प्लॅस्टिकचीच असते. पण सेंद्रिय कापसाचा पोशाखही एकदाच घालून कपाटात गेला तर त्याचा उपयोग काय? घरात कुणाचा जपून ठेवलेला पोशाख असेल तर तो मापाचा करून घ्या, नाहीतर भाड्याने आणा, नाहीतर पुढे दहादा घालाल असा शिवा. कोरड्या धुलाईत, म्हणजे ड्राय क्लीनिंगमध्ये, अजूनही बऱ्याच ठिकाणी परक्लोरोइथिलीन नावाचं रसायन वापरतात, ते कर्करोगकारक असण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहे. पाण्याने धुता येईल असं कापड निवडणं बरं.

दागिन्यांविषयी तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. मोठ्या खाणींत एक टन खडकातून साधारण एक ते काही ग्रॅम सोनं निघतं. लहान, हाताने चालवलेल्या खाणींत सोनं वेगळं करायला पारा वापरतात. मानवी कारणांनी हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग याच कामातून जातो, आणि २०१७ मध्ये लागू झालेल्या, पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात म्हणूनच या खाणींसाठी वेगळं कलम आहे. घरातलं जुनं सोनं वितळवून अंगठ्या करा. त्यात नवीन खोदकाम नाही आणि आजीचं सोनं बोटात असणं हे दुकानातल्या कुठल्याही अंगठीपेक्षा मोठं आहे. प्रयोगशाळेतला हिरा घेणार असाल तर तो कोणत्या विजेवर बनला ते विचारा. तो बनवायला प्रचंड वीज लागते, ती कोळशाची असेल तर खाण टाळल्याचा फायदा बराचसा निघून जातो.

पत्रिका: फोनवर पाठवा, मोजक्या मोठ्यांसाठी साध्या, विनालेपाच्या कागदावर छापा. सोनेरी वर्खाचा आणि लॅमिनेशनचा कागद रद्दीतही नीट जात नाही. बियांचा कागद बहुतेक घरांत मातीत जात नाही, टोपलीत जातो. पाहुण्यांना रोपं वाटण्याचंही तसंच. ज्याला शेकडो किलोमीटर प्रवास करायचाय आणि ज्याच्या घरी खिडकीही नाही, त्याच्या हातात कुंडी देऊ नका.

राहिली कंजूषपणाची भीती. ती मी हलक्यात घेत नाही. मोठ्यांना पाहुण्यांचा मान राखला जावा असं वाटतं आणि ते योग्यच आहे. त्यांच्याशी ‘काय करायचं नाही’ यापासून बोलणं सुरू करू नका. सजावट, फटाके, फेकायच्या वस्तू यांतून जे पैसे वाचले ते पाहुण्यांना जाणवेल तिथे लावा: चांगला आचारी, आग्रहाने वाढणारी पुरेशी माणसं, वयस्करांसाठी टेकायला पाठ असलेल्या खुर्च्या, स्वच्छ शौचालयं, स्टेशनवर वेळेत उभी असलेली बस, भोंग्याऐवजी समोर बसून गाणारे कलाकार. पाहुणा घरी जाऊन याच गोष्टी सांगतो. सभागृहभर उपदेशाच्या पाट्या लावू नका, हे लग्न पर्यावरणपूरक असल्याची घोषणाही करू नका. ज्याला कळायचं त्याला कळतं आणि तो पुढच्या महिन्यात तुम्हाला फोन करून केटररचा नंबर मागतो.

कचऱ्यासाठी एक माणूस पगारी नेमा, नातेवाईक नको. नातेवाईक फोटोला जातात. ताटं परत करायच्या जागी तीन पिंपं: खरकटं, सुका, बाकीचं. पिंपांपाशी तो माणूस सतत उभा हवा, कारण पिंपावरची पाटी घाईत कुणी वाचत नाही. रात्री प्रत्येक पिंप वजनकाट्यावर ठेवून आकडा वहीत लिहायला सांगा, तो आकडा केटररला दाखवा. दोरे, तारा, फिती काढून फुलं खतासाठी कोरड्या पाल्यात मिसळा. ओल्या फुलांच्या दुप्पट-तिप्पट पाला आकारमानाने लागतो. पिळलेल्या कापडाएवढा ओलावा ठेवायचा, आठवड्यातून एकदा ढीग उलटायचा. तेल-मिठाचं खरकटं या ढिगात घालू नका, जवळ बायोगॅसची सोय असेल तर तिकडे पाठवा. ढीग तीनेक महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारा झाला की खत तयार. तोवर भाड्याची भांडी, कापड आणि जाळ्या मोजून परत गेल्याची पावती त्याच वहीत लावलेली असू द्या.